दुसऱ्या कॉम्प्युटरवर कोण?

राहनाळ,
सोमवार, १ सप्टेंबर २०२५

चि. दीपेश,

ताईचे आशीर्वाद. इकडे आम्ही दोघी ठीक आहोत. आईचा गुडघा कुरकुरतो, पण जरा बस म्हटलं तर तीच माझ्यावर कुरकुरते. वैशालीला आठवण सांग. तू फोन उचलत नाहीस, मेसेजवर निळ्या खुणा तेवढ्या उमटतात, म्हणून हे कागदावर. तुळशीरामचा टेम्पो तुमच्या वडप्याच्या गोदामात माल घेऊन येतो, त्याच्या हाती देते आहे. वाचू नकोस असं त्याला बजावलंय, म्हणजे त्याने वाचलंच असेल.

एक विचारायचं होतं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत तू काय करतोस?

हसू नकोस, हा चौकशीचाच भाग आहे. अप्पा गेल्यावर आईने स्टुडिओची चावी माझ्या हातात दिली, तेव्हा तू भरल्या घरात म्हणालास, "आजपासून फोटोला हात लावनार न्हाय." आणि लॅपटॉप काखोटीला मारून वैशालीला घेऊन वडप्याला खोली केलीस. मी ते खरं मानलं. म्हणून पंधरा दिवसांपूर्वी आपल्या फोटोच्या प्रोग्रॅमचं वर्ष संपलं, तेव्हा मी डोकं चालवलं. आजवर एका लायसन्सवर दोन कॉम्प्युटर चालायचे, एक स्टुडिओतला आणि एक तुझा लॅपटॉप. मी म्हटलं, तो लॅपटॉप आता कपाटात कपड्यांखाली पडला असेल, त्याची जागा कशाला अडवून ठेवायची? एकाच कॉम्प्युटरचा प्लॅन घेतला. खातं अजून अप्पांच्याच नावावर आहे. कंपनी आजही 'प्रिय केसरीनाथ' म्हणून लिहिते, आणि मी ते बदलत नाही.

प्लॅन घेतला आणि स्टुडिओतला प्रोग्रॅम बंद! समोर पाटी: हा प्रोग्रॅम दुसऱ्या कॉम्प्युटरवर चालू आहे, तिथून काढून इथे सुरू करायचा का? खाली निळं बटण. मी हेल्पलाइनला फोन लावला.

"मॅडम, आपका लायसन्स अब एक ही कम्प्यूटर का है," तिथला माणूस म्हणाला. "वो जगह लॅपटॉप ने ले ली."

"अरे भैया, वो लॅपटॉप तो कब का बंद पडा है!"

"बंद नहीं है मॅडम. अभी चल रहा है. कल दोपहर भी चला था."

प्लॅन परत दोनाचा करून द्या म्हटलं, तर ते आता पुढच्या वर्षीच होईल म्हणे. तोवर कुणीतरी एकच.

मला पोटात गोष्ट ठेवता येत नाही हे तुला माहीत आहे. पण ही ठेवली, आईलासुद्धा सांगितली नाही. रोज दुपारी खातं उघडून बघायला लागले. तू ठरलेल्या वेळी हजर, गोदामाला सुट्टी असली की गैरहजर. काय काय मनात आलं म्हणून सांगू! लॅपटॉप विकलास की काय? की दुसऱ्या कुणा स्टुडिओवाल्याला चोरून अल्बम करून देतोस? या विचाराने तर मी इतकी चिडले की बटण दाबायला बोट पुढे गेलं होतं.

तेवढ्यात तुळशीराम एक फोटो फ्रेम करून घ्यायला आला. बिहारकडचं लग्नघर, मांडवात नवरी, आणि तिच्या शेजारी नवा शर्ट घालून उभा असलेला तिचा भाऊ.

"हा आमच्या गोदामात लोडिंगला हाय," तुळशीराम म्हणाला. "सीझनची ड्युटी, सुट्टी न्हाय मिलाली, बहिनीच्या लग्नाला जायाला न्हाय भेटला. मंग साहेबानं फोटोत चिकटवून दिला."

"कोण साहेब?"

"नाव सांगू नको बोललाय."

नाव कशाला सांगायला हवं? मी फोटोतल्या त्या भावाच्या पायांकडे बघितलं. चिकटवलेल्या माणसाची सावली आम्ही सगळे शेवटी टाकतो आणि ती हमखास जास्त काळी होते. तू आधी सावली टाकतोस, मग तिच्यावर माणूस उभा करतोस. अप्पा म्हणायचे, या पोराचं सगळंच उलटं. पण तुझी माणसं त्या जागी खरंच उभी असल्यासारखी वाटतात, हेही तेच म्हणायचे, तू समोर नसलास की.

मला फार फार बरं वाटलं, दीपेश. तुळशीरामला न मागता चहा पाजला, तो घाबरलाच. मग त्याने सगळं ओकलं. किती जण रांग लावतात तुझ्या डब्याच्या वेळी, कुणाला छठपूजेत बसवलंस, कुणाला पोराच्या बारशात. आता मला सांग, घरी फोटो पोचला की तिकडची माणसं काय म्हणतात? त्या नवरीला तर माहीत आहे ना, भाऊ आला नव्हता ते. ती फोटो बघून हसते की रडते? की काही दिवसांनी तिलाही वाटायला लागतं, आलाच होता म्हणून?

हे उगाच विचारत नाही. मला उत्तर हवं आहे.

पुढच्या आठवड्यात बुधवारी साखरचौथ, भाद्रपदातली संकष्टी; बाकीच्यांचे गणपती उठले की आपली पाळी. आपला गणपती बसेल, आरती होईल, आणि आरतीनंतर घरातल्या सगळ्यांचा त्याच्यापुढे फोटो, अप्पांनी लावलेली पद्धत. दोन वर्षं तू त्यात नाहीस. परवा आई गेल्या साली काढलेला फोटो पुसत होती. म्हणाली, "तो न्हाय येत तं तूच चिकटव ना त्याला. लोकांची मानसं चिकटवतस, आपलं एक न्हाय व्हत?"

प्रोग्रॅम बंद, म्हणून मी मोबाईलवरच कच्चं करून दाखवलं. मामाच्या रुचिकाच्या हळदीतला तुझा फोटो घेतला, कापला, आईशेजारी लावला. सावली नाही, काही नाही. मला वाटलं ती रडेल. तिने मोबाईल लांब धरून नीट बघितलं आणि म्हणाली, "बरा दिसतो. आता दर साली असाच लाव." आणि तांदूळ निवडायला गेली.

ती रडली असती तर मला चाललं असतं. तिचं समाधान झालं, आणि मला त्याची भीती वाटते आहे. एवढ्यावर भागतंय असं तिला एकदा वाटलं की ती दाराकडे बघायची बंद होईल.

आता तिला तो फोटो मोठा छापून फ्रेममध्ये हवा आहे, साखरचौथीच्या आत. तो करायचा तर स्टुडिओत प्रोग्रॅम उघडला पाहिजे. प्रोग्रॅम उघडायचा तर तुला बाहेर काढलं पाहिजे. तुला काढून तुलाच चिकटवायचं! आणि तोही हळदीतला जुना दीपेश. आत्ताचा कसा दिसतो ते मला ठाऊकच नाही. दाढी ठेवतोस का रे? अप्पांसारखं कानाजवळ पांढरं आलंय का?

चावीचं एकदा बोलूनच टाकते, इतके दिवस टाळलं. मी ती मागितली नव्हती. मी सासर सोडून आले आणि लगेच अप्पा गेले. आई म्हणाली, त्याला कुठंबी काम भेटंल, हिला काय हाय? काम कुणाला जास्त येतं हा हिशेब त्यात नव्हताच. ते मला तुझ्याएवढं येत नाही, हे चार माणसांत सांगायलाही मी तयार आहे.

तर माझं ठरलं. बटण मी दाबणार नाही. जेवणाच्या सुट्टीत तुझी माणसं त्यांच्या घरी पोचू देत. बॅनरची ऑर्डर दिलेल्या गिऱ्हाइकांना मी कंपनीच्या नावाने बोटं मोडून थोपवलंय, पण ते फार दिवस ऐकणार नाहीत. मार्ग एकच दिसतो. लायसन्स एका कॉम्प्युटरचं आहे, कबूल. पण त्या कॉम्प्युटरपुढे खुर्च्या किती, यावर काही नियम आहे का, म्हणून मी हेल्पलाइनला पुन्हा फोन करून विचारलं. तो माणूस हसत म्हणाला, "मॅडम, कुर्सियाँ आप जितनी चाहे रखिए." ठेवली आहे मी एक. गोदामाची नोकरी सोड असं म्हणत नाही, सुट्टीच्या दिवशी लॅपटॉप घेऊन ये आणि माझ्या शेजारी बस.

बुधवारी आरतीनंतर फोटो काढीन. आईच्या डाव्या हाताला एका माणसाची जागा मोकळी सोडणार आहे. तू आलास तर भरेल. नाही आलास तर ती मोकळी जागा तशीच छापून फ्रेम करीन आणि आईच्या डोळ्यांसमोर लावीन. तुला चिकटवणार नाही.

तुझी,
माधवीताई