सड्यावरचा गडगा आणि माझी बासष्ट पावलं

१९६८ सालच्या मे महिन्यात एका दुपारी मी आणि माझा धाकटा भाऊ परशुराम मागच्या पडवीत आठळ्या सोलत बसलो होतो. मी बेळगावच्या कॉन्व्हेंटमधून सुट्टीला आले होते, त्यामुळे शहाणपण उतू जात होतं. मी कोळशाने जमिनीवर आमच्या घराचा नकाशा काढला. परशुरामने तो बराच वेळ पाहिला आणि विचारलं, "बाये, ह्यात कोकमाचा सरबत खंय आसा?" मी म्हटलं, नकाशात सरबत दाखवत नाहीत. "मगे उपयोग काय?" म्हणून तो खऱ्या स्वयंपाकघरात गेला आणि दोन पेले घेऊन आला.

अशी आठवण मृत्युपत्रात बसत नाही, असं माझे वकील प्रीतम यांचं मत आहे. ते माझेच विद्यार्थी, नकाशावाचनात नापास. सबब आठवण राहू दे.

मी, कुमारी स्वप्ना यशवंत वायंगणकर, वय ६६ वर्षे, निवृत्त भूगोल शिक्षिका, राहणार मौजे कातळवाडी, तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग, आज पूर्ण शुद्धीत, चष्मा लावून आणि चहा घेऊन हे लिहिते. माझ्यावर कोणा माणसाचा दबाव नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. केलं असतं तर त्यात खोटं लिहिलं गेलं असतं. ते का, हे कलम ५ मध्ये येईल.

कलम १. मधल्या भिंतीच्या दक्षिणेकडचं माझं अर्धं घर परशुरामला द्यावं. उत्तरेकडच्या अर्ध्यात तो आणि त्याची बायको काशीबाई राहतातच. भिंत पाडायची की ठेवायची हे काशीबाईने ठरवावं, कारण दोन्ही बाजू तीच झाडते.

कलम २. माझी पोस्टातली ठेव गावच्या सड्यावरच्या, म्हणजे वरच्या कातळी माळावरच्या शर्यतीला द्यावी. ही शर्यत काय, ते वारसांना ठाऊक आहे, पण कोर्टाला नसेल, म्हणून लिहिते. हातात नकाशा आणि होकायंत्र घ्यायचं, नकाशावरच्या खुणांपाशी लावलेल्या झेंड्या क्रमाने शोधायच्या आणि जो सर्वांत आधी परत येईल तो जिंकला. वाट आपली आपण निवडायची. १९९८ साली शिक्षकांच्या शिबिरात मी हे मेघालयातल्या चुनखडीच्या डोंगरांवर शिकले. तिथे पावसाने दगड विरघळून जमिनीची चाळण झालेली. दर दहा पावलांवर खड्डा, भेग, सुळका. सगळं काढायला गेलं तर कागद नुसता काळा होतो. काय गाळायचं हे ज्याला कळलं, त्यालाच नकाशा काढता येतो, असं तिथे शिकवणाऱ्या बाई सांगत.

घरी आले आणि पाहिलं, तर आमचा जांभ्या दगडाचा सडा अगदी तसाच. चुनखडी नाही, पण खड्डे, घळी आणि भेगा तेवढ्याच. चार हिवाळे फिरून मी त्याचा नकाशा काढला. दगडाला काळा रंग, चढाला तपकिरी, पाण्याला निळा, मोकळ्या गवताला पिवळा आणि ज्यात माणूस घुसला की फाटक्या कपड्यांनी बाहेर येतो त्या काजूच्या रानाला गडद हिरवा.

कलम ३. होकायंत्र, नकाशाची फळी आणि रंगीत पेनं माझी जुनी विद्यार्थिनी सलोनी हिला द्यावीत. ती सध्या शर्यत भरवते आणि पेनांची टोपणं लावून ठेवते.

कलम ४. शेजारी सुदेश यांच्या गाईने २०१७ साली सात नंबरची झेंडी खाल्ली. त्या वर्षी बारा मुलं सात नंबर शोधत गाईच्या मागे फिरत होती. गाय वारली आहे. तिला माफ केलं.

कलम ५. गडगा. हे कलम सावकाश वाचावं.

सड्यावर परशुरामची आणि सुदेशची जागा लागून आहे. मध्ये सुट्या दगडांचा गडगा, म्हणजे बिनसिमेंटची बुटकी भिंत. मी अंतरं पावलांनी मोजायची. शंभर मीटरला माझी बासष्ट जोडपावलं, डावं-उजवं मिळून एक. २०१० साली परशुरामच्या बाजूच्या देवचाराच्या दगडापासून हा गडगा एकतीस जोडपावलांवर, म्हणजे पन्नास मीटरवर होता. २०१३ साली परत मोजला तर चौतीस भरली. मी चार वेळा मोजलं. चौतीसच. म्हणजे गडगा जवळजवळ पाच मीटर सुदेशच्या जागेत सरकला होता. मी नकाशात जुना गडगा तुटक रेघेने काढला आणि नवा सलग.

जानेवारी २०१४ च्या शर्यतीत सुदेश धावला. झेंड्या त्याला तीनच मिळाल्या, पण ती तुटक रेघ मिळाली. तो नकाशा घेऊन ग्रामसभेत उभा राहिला.

"मी एक पण दगड हलवूक नाय," परशुराम म्हणाला. "बाये, तुझा पाऊल चुकला आसतला."

मी सगळ्या गावासमोर उत्तर दिलं, "माझी बासष्ट म्हणजे बासष्ट."

रंगीत छापलेला कागद एका बाजूला आणि परशुराम दुसऱ्या. गावाने कागदावर विश्वास ठेवला. परशुरामने एकोणीस दिवस खपून गडगा पाच मीटर मागे आणला. तीन काजूची झाडं सुदेशकडे गेली. त्या दिवसापासून अकरा वर्षं परशुराम माझ्याशी बोललेला नाही. काही सांगायचं झालं तर पडवीत बसून मांजराला सांगतो: "जा, मास्तरणीक सांग, पंप बंद कर म्हणान." मांजर जात नाही. मी पंप बंद करते.

शर्यतीच्या आधी देवाला गाऱ्हाणं मात्र तोच घालतो. "बा देवा म्हाराजा, जी पोरां आज कागद घेवन धावतली, त्यांका वाट दाखव रे म्हाराजा." मुलं ओरडतात, "होय म्हाराजा." वाट आपली आपण शोधायची असते, हे देवाला कोण सांगणार? मग माझ्याकडे न बघता तो पुढे म्हणतो, "आणि जी खोटे नकाशे काढतत, त्यांका बुद्धी दी रे म्हाराजा." एकदा चुकून माझ्याही तोंडून गेलं, होय म्हाराजा.

गेल्या डिसेंबरात सलोनी नकाशा दुरुस्त करायला बसली. तिने शाळेच्या मैदानावर शंभर मीटरचा टेप पसरला आणि म्हणाली, "मॅडम, आधी तुमचं पाऊल तपासूया." मी हसत चालले. अडुसष्ट भरली. घरी येऊन डायरी काढली. २०१२ च्या ऑक्टोबरात मी सड्यावरच्या एका खड्ड्यात पडले होते. गुडघा दुखावला आणि पाऊल आखूड झालं. नव्या पावलाने चौतीस म्हणजे तेच पन्नास मीटर.

गडगा हलला नव्हता. हलला तो फक्त त्या एकोणीस दिवसांत, माझ्यामुळे. परशुराम खरं बोलत होता. मी, स्वप्ना वायंगणकर, चुकले होते, आणि कळल्यावरही आठ महिने गप्प राहिले.

कलम ६. सुदेशच्या पलीकडच्या बाजूला माझी काजूची जागा आहे. तिचा सुदेशला लागून असलेला पाच मीटरचा पट्टा त्याला द्यावा. त्यावर झाडं चार आहेत, एक जास्तच. त्याबदल्यात त्याने परशुरामचा पट्टा परत करावा. हे मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "मॅडम, गडगो परत कोण हलवतला?" शर्यतीतल्या मुलांनी हलवावा. उरलेली माझी जागा काशीबाईला. नव्या नकाशात तुटक रेघ नसावी.

कलम ७. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात, असं प्रीतम सांगतात. कलम ५ आणि ६ पुरतं मला ते मान्य नाही. त्यांची नक्कल आज संध्याकाळी मी स्वतः परशुरामच्या हातात देणार आहे. वाचल्यावर त्याने बोलावं, अशी अट नाही. सलोनीकडून मागून घेतलेला शंभर मीटरचा टेपही आजच त्याला द्यायचा. यापुढे या घरात आणि सड्यावर जे काही मोजायचं असेल ते तो मोजेल. मी दुसरं टोक धरीन.

वरील मजकूर माझ्या हस्ताक्षरात असून खालील दोघांसमोर सही केली आहे. दोघांनाही यातून काही मिळत नाही, चहा सोडून.

सही: स्वप्ना यशवंत वायंगणकर
साक्षीदार १: गुरुप्रसाद दाजी आचरेकर, कणकवली
साक्षीदार २: संचिता मितेश धुरी, कातळवाडी
स्थळ: कातळवाडी, तालुका मालवण
दिनांक: २१ ऑगस्ट २०२५, दुपारी चार वाजता