ताटलीच्या बुडावरचं नाव

आबा, तुम्ही माझं नाव जिच्या बुडाला कोरलं त्या ताटलीवरून आज घरात भांडण झालं, आणि मी जिंकले. मी म्हणजे मीच, तुमची नात. दुकानात गिऱ्हाईक आलं की पातेल्यांच्या ढिगामागं लपायची ती.

तुम्ही गेलात तेव्हा मी दुसरीत होते. नववीत शाळा सोडली. वर्गात उभं राहून वाचायला सांगायचे आणि माझा आवाजच निघायचा नाही, म्हणून. आता सोनगीरच्या आपल्या दुकानात काकांबरोबर बसते. भांड्यांवर नावं आता मशीननं टाकतो, घर्र करून, एका मिनिटात होतं. तुमची छन्नी गल्ल्यात पडून असते.

ती ताटली धुळ्याच्या एका शेठकडून आली होती. त्यांनी जुनं पितळ मोडीत काढलं, त्याच पोत्यात ही निघाली, चिनी मातीची, पांढरी, निळ्या फुलांची. पितळाच्या वजनात धरता येईना, तर तुम्ही ती बाजूला ठेवली. मी उचलली. तुम्ही केवढ्यांदा ओरडलात, "ठेव खाली, फुटी जाई!" मी रडले, पण सोडली नाही. मग तुम्ही हसता, चष्मा वर सरकवता, ताटली मांडीवर उलटी घेता आणि बारीक छन्नीनं ठिपका ठिपका ठोकायला लागता. समोरच्या दुकानातले नाना ओरडतात, "आबा, याड लागनं का? चिनी मातीवर कोन नाव टाकस?" तुम्ही मान वर करत नाही. "नाव नही ते भांडं कोनबी ली जाई. हाई पोरनं शे." हे पोरीचं, म्हणजे माझं. लग्नाला उसनी गेलेली भांडी नावावरूनच परत येतात, एवढंच तुम्हाला माहीत. शेवटच्या अक्षराला टिक आवाज झाला आणि केसासारखी चीर गेली. तुम्ही चीर बघितली, माझ्याकडं बघितलं, आणि ताटली माझ्या हातात दिली.

तिच्यामुळंच मला नाद लागला. भुसावळला रेल्वेच्या बंगल्यांमधलं सामान भंगारात येतं, त्यात कधी कानतुटका कप, कधी वाटी मिळते. मी आधी उलटी करून बूड बघते. जुन्याच्या बुडाची कड खरखरीत असते, मळक्या रंगाची. माझ्याकडं आता एक फळी भरलीय. काका म्हणतात, "नववी सोडून बसली, अन् चीनच्या बशा गोळा करते! चहा तरी पी त्यात."

आज जळगावहून जुन्या वस्तू घेणारे एक भाऊ आले होते. सगळ्या वाट्या बघून ठेवून दिल्या. ताटली मात्र उजेडात नेऊन धरली. म्हणाले, ही खरी चीनची, फार जुनी, पूर्वी सुरतच्या बंदरात असा माल उतरायचा. मग उलटी केली. "अरेरे, हे कोणी केलं? वाटोळं केलं! नाव घासून काढू, चीर भरून घेऊ, मग मी नेतो." काका लगेच हो म्हणाले. आई म्हणाली, "दे गं, फुटकं घरात ठेवू नये."

आणि आबा, माझा आवाज निघाला. "नाही."

"नाही म्हणजे?" काका.

"नाव काढायचं नाही. ताटली माझी आहे. लिहिलंय ना."

आई बघतच राहिली. "आज तोंड फुटलं वाटतं!" भाऊ समजवायला लागले, पोरी, तुझ्या नावानं तिची किंमत गेली. जाऊ दे गेली तर. शाळेच्या पटावरनं माझं नाव काढलं तेव्हा मी काही बोलले नाही. इथलं काढू देणार नाही. तुम्ही चूक केली असं सगळे म्हणतात. म्हणू दे. मी तिला उलटीच ठेवलीय फळीवर, नाव वर. फुलं बघायची असतील त्यांनी मला विचारायचं.

हे पत्र पाठवणार कुठं. चिनी मातीची भांडी एकावर एक ठेवताना मधी कागद लागतो, नाहीतर घासतात. हा तिच्याखाली घालीन.

आणि एक सांगते, हसू नका. भाऊ गेल्यावर मी तुमची छन्नी काढली आणि भुसावळच्या एका वाटीवर तुमचं नाव टाकायला बसले. 'आ' आला. 'बा'च्या पहिल्याच ठिपक्याला वाटीचे दोन तुकडे. 'आ'चा तुकडा मी फळीवर ठेवलाय.