आर्गनमधला जांभळा उजेड

३ फेब्रु., मंगळ.
आर्गन वायूच्या आणखी चार बाटल्या नापास. यंत्रात आर्गनला वीज दिली की ते आपली ऊर्जा शेजारच्या नायट्रोजनला देतो आणि नायट्रोजन जांभळा उजळतो. जितका उजेड तितकी भेसळ. म्हणजे बाटलीत हवा. भरणाऱ्या बाळारामला लॅबमध्ये बोलावलं. म्हटलं, बाटली पुरती रिकामी न करताच भरतोस. तर म्हणे, "नाय सायेब, पंप पुरा लावतो मी. तुमची नली बगा एकदा." नाचता येईना अंगण वाकडं. सगळ्यांसमोर म्हणालो तसं. हशा झाला. बरं वाटलं.

५ फेब्रु., गुरु.
सहा नापास. लेखी तक्रार दिली. मॅनेजर म्हणाले, "जोशी, खात्री आहे ना?" म्हटलं, उजेड खोटं बोलत नाही, सर. हे वाक्य मला फार आवडतं.

९ फेब्रु., सोम.
बाळारामला काढलं. कंत्राटी माणूस, पाच मिनिटांचं काम. गेटवर कंपनीचे बूट काढून घेतले. चप्पल आणली नव्हती त्याने. रोडपालीच्या घरापर्यंत अनवाणीच गेला असेल. खिडकीतून पाहिलं. चहा संपवला.

१२ फेब्रु., गुरु.
नवा भरणारा. पंपापाशी मी स्वतः उभा. तरी पाच नापास.
शेवटी यंत्राला खात्रीचं शुद्ध आर्गन जोडलं. तेही नापास. ही तपासणी रोज सकाळी करायची असते. मी नुसती सही करत होतो.
नळी. बाटलीपासून यंत्रापर्यंतची. स्टीलची वाकली म्हणून जानेवारीत मीच प्लास्टिकची लावली, दोन दिवसांपुरती. प्लास्टिकमधून हवा झिरपते. दर ट्रेनिंगला मीच शिकवतो. विसरेल तो गाढव, असंही म्हणतो.
स्टीलची बसवली. उजेड गेला. कुणी पाहिलं नाही.

१३ फेब्रु., शुक्र.
सगळ्या पास. मॅनेजर खूश. "बघा, माणूस बदलला आणि फरक पडला." हो म्हणालो. जेवण गेलं नाही.

१६ फेब्रु., सोम.
बाळाराम गेटवर. दुसऱ्या कारखान्यात विचारतात, का काढलं. "सायेब, माजी चूक नव्हती येवडं लिवून द्या. नाय तर कुटंच घेनार नाय." मग हळूच, "नली बगितली का वो?"
उद्या ये म्हणालो.
नळी माझ्या खणात आहे. फेकवत नाही, दाखववत नाही. लाज वाटते, पण नोकरीची भीती जास्त वाटते.
कागद घेतला. तारीख घातली. 'श्री. बाळाराम' लिहून थांबलो. आडनाव माहीत नाही. तक्रारीत नुसतं 'फिलर' लिहून भागलं होतं.