झाकण उघडायचं नाही

स्टाडुर, ४ फेब्रुवारी १९९४

ती. हल्डोरामावशीस,
रुनाचा सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि तू नुसतं हो हो म्हणतेस, म्हणून लिहिते. संग्रहालयातल्या लोकरीला कसर लागली आहे. लेफुरचं पाळण्यातलं पांघरूण तू आम्हाला मांडायला दिलंस ना, त्याच्याच घडीत अळ्या निघाल्या. आता त्या पणजीच्या काळातल्या शालींपर्यंत पोचल्यात.

औषध मारून लोकर खराब करायची नाही. कडक थंडीत गोठवणं हाच उपाय. एनारकाकांनी हे ऐकलं मात्र, नवाकोरा उभा फ्रीझर बेटावरून ट्रकमध्ये घालून आणला! भरून आलं, पण तो चालणार नाही. तो आपोआप बर्फ वितळवणाऱ्यांपैकी आहे, म्हणजे मधूनमधून आत स्वतःच ऊब करतो. माशांना चालतं, पण अळी तेवढ्यात सावरते. मला हवा पेटीसारखा, वर झाकण असलेला, उणे तीसला जाऊन तिथेच थांबणारा. विनिपेगच्या एका बंद पडलेल्या प्रयोगशाळेत तसा आहे.

काकांना कोणत्या तोंडाने सांगू? तूच सांग ना. त्यांचा राग झेलायची तुला सवय आहे.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी रुना

*

बेटावरून, ९ फेब्रुवारी

चि. रुना,
अ. आ.

काकांना सांगितलं. जाळं विणत होते, ते टाकून उठले. म्हणाले की उभा जन्म मासे गोठवले, आता ही कालची पोर मला थंडी शिकवणार. जेवले नाहीत. ते जेवतील, तू त्याची काळजी करू नकोस.

पण माझं ऐक. लेफुरचं पांघरूण कुठल्याच फ्रीझरमध्ये जाणार नाही. माझा मुलगा सरोवराच्या बर्फाखाली गेला. सापडला तेव्हा त्याचा हात मी हातात घेतला होता, ती थंडी अजून माझ्या तळव्यातून गेलेली नाही. आणि त्याचं पांघरूण तू गोठवणार? परत पाठव. मी झटकीन, उन्हात घालीन, माझी आई करायची तसं.

रागावले आहे, तरी आशीर्वाद आहेतच.
मावशी

*

स्टाडुर, १४ फेब्रुवारी

ती. मावशीस,
नमस्कार वि. वि.

पांघरूण पाठवत नाही. हवं तेवढं बोल मला.

काकांच्या फ्रीझरला न्याय द्यावा म्हणून त्यात एक फाटका मोजा अळ्यांसकट ठेवून पाहिला, सोबत तापमापक. काटा सारखा चढत-उतरत होता. मोजा बाहेर काढून काचेखाली ठेवला, तर संध्याकाळी एक अळी वळवळायला लागली. मला रडूच आलं. बाहेरच्या थंडीचंही खरं नाही, दुपारचं ऊन लागलं की पिशवी आतून तापते. आणि झटकून अंडी जात नाहीत गं.

लपवत नाही. पांघरुणाच्या कोपऱ्यात तू विणलेलं पाखरू आहे ना, त्याचा एक पंख खाल्ला गेलाय.

मी ते दुहेरी प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळीन, बर्फाचा कणही लोकरीला शिवणार नाही. संग्रहालयाच्या मंडळाच्या अध्यक्षा सिग्रूनबाई रोज तगादा लावतात, पण तू हो म्हटल्याशिवाय मी हात लावणार नाही.

मनातून काढू नकोस.
रुना

*

बेटावरून, १८ फेब्रुवारी

चि. रुना,
आशीर्वाद.

तुझं पत्र काकांना वाचून दाखवत होते. पाखराच्या पंखापाशी मी थांबले, पुढचं त्यांनी वाचलं. मग ट्रकच्या किल्ल्या घेतल्या. विनिपेगहून पेटी आणतो म्हणाले. गोठलेल्या सरोवरावरूनच निघालेत. रेडिओवर बर्फाला तडा गेल्याचं सांगताहेत, पण ऐकतील तर ना. हे पत्र त्यांच्याच हाती देते. पोचले की फोन वाजव. बोलणं ऐकू आलं नाही तरी वाजलेला कळतो.

गुंडाळ पांघरूण. झालं की मगच लिही.

मावशी

*

स्टाडुर, ९ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

झालं. आता सगळं सांगते.

काकांनी आणलेली पेटी उणे तीसच्या खाली गेली आणि तिथेच राहिली. पण मध्येच वादळ आलं आणि गावाची वीज गेली. सिग्रूनबाई घाबरल्या, झाकण उघडून बघू या म्हणाल्या. तर काका झाकणावरच जाऊन बसले! म्हणाले की भरलेली पेटी बंद राहिली तर थंडी धरते, उघडली की गेली, तेव्हा झाकण उघडायचं नाही, आणि कोणी हात तर लावून बघा. वीज येईपर्यंत उठले नाहीत. मी दिलेली कॉफी त्यांच्या हातातच गार झाली. एकदाच, माझ्याकडे न बघता म्हणाले की लेफुर गेला तेव्हा चौघांनी त्यांना किनाऱ्यावर धरून ठेवलं होतं, बर्फावर जाऊ दिलं नाही. बस, एवढंच.

वीज आल्यावर गोठवायची मुदत पुन्हा पहिल्यापासून धरली. मग पिशवी न उघडता खोलीच्या उबेला येऊ दिली. निघालेल्या अळ्या काचेखाली ठेवून रोज पाहिल्या, एकही हलली नाही. पंख गेला तो गेला. बाकी पांघरूण शाबूत आहे. काकांसोबत पाठवते आहे.

लोभ आता पुन्हा पहिल्यासारखा असू दे.
तुझी रुना

*

बेटावरून, १३ मार्च

चि. रुना,
अनेक आशीर्वाद.

काकांनी पांघरूण माझ्या मांडीवर ठेवलं. हात लावायला भीत होते मी. गार नव्हतं गं.

किनाऱ्यावरचं ते मला कधी बोलले नव्हते. तुझ्या पत्रात वाचलं आणि विचारलं. मग आम्ही बोलत बसलो, चुलीवरचं कालवण करपलं तरी.

कसर तुमच्याकडे आमच्याच घरातून आली असणार. माडीवर लेफुरची ट्रंक आहे, स्वेटर, टोपी, हातमोजे. तो गेल्यावर मी लावली, ती पुन्हा उघडलीच नाही. काकांनी आज ती खाली आणली. कडीवर हात ठेवून पाहिला, पण दोघांनाही पुढे जमेना.

बर्फ फुटायच्या आत ये. तिघं मिळून उघडू. पेटीत जागा ठेव.

वाट बघते आहे.
मावशी