परण्यातली रडकी गिटार

११ एप्रिल
ट्रॅक्टरखाली उताणा पडलेलो, तेव्हा भानुदासच्या चपला दिसल्या. माझा चुलतभाऊ, चौसाळ्यातल्या बँडचा मालक. त्याचा कॅसिओवाला ऐन लग्नसराईत पुण्याला नोकरीला गेला. म्हणे, "तुझी ती रडकी गिटार घिऊन ये." खालूनच हो म्हणालो. बाहेर येऊन विचार केला असता तर नाही म्हणालो असतो.

गिटारचं गावात फार कुणाला माहीत नाही. बायकोला आहे, नाइलाजानं. दोन वर्षांमागं मोबाइलवर अमेरिकेतला एक काळा म्हातारा बघितला. बोटात बाटलीचा तुटका गळा घालून तारांवरून घसरवत होता. ब्लूज म्हणतात त्याला. शब्द कळले नाहीत. पण म्हैस हरवलेला माणूस माळावरून हाका मारतोय एवढं कळलं. मी बाटलीऐवजी पान्याचा सॉकेट घालतो. अठरा नंबर. करंगळीत फिट.

१३ एप्रिल
माझ्या गॅरेजमागं तालीम. भानुदासचा ट्रंपेट, ढोल, गफूरचाचांचा ताशा आणि मी. डोळे मिटून वाजवलं. उघडले तर भानुदास कपाळाला हात लावून बसलेला.
"परण्याला यायलास का मयतीला?"
चाचांनी विडी विझवली फक्त.

१८ एप्रिल
आज पहिला परण्या. नवरदेव घोडीवर, मारुतीच्या देवळाकडं मिरवणूक. भानुदासनं खूण केली, मी सुरू झालो. नाचणारी पोरं थांबली. घोडी थांबली. नवरदेवाची आत्या हुंदके द्यायला लागली, तिचं बघून दुसरी. एका पाव्हण्यानं टोपी काढून हळूच विचारलं, "कोण गेलं ओ?"
भानुदासनं स्पीकरमधून माझ्या गिटारची वायर उपटली.
घरी सांगितलं तर बायको हसून हसून भिंतीला टेकली. वर म्हणते, "रडवलंव तरी. कॅसिओवाल्याला तेबी जमत न्हवतं." हे कौतुक का काय, कळेना.

२० एप्रिल
भानुदासचा निरोप: यायची गरज नाही. सॉकेट परत पान्यांच्या डब्यात टाकला. दिवसभर कामात लक्ष नाही. एका गड्याच्या गाडीला ब्रेक बसवायचा विसरलो, त्यानंच येऊन सांगितलं. नशीब.

संध्याकाळी चाचा एकटेच घरी आले, ताशा गळ्यात.
"देख बेटा, तू रड. मैं कब मना करतोय? पर रस्त्यात खडा राहून रडू नको. चलते चलते रड."
आणि वाजवायला लागले. सरळ ठेका नाही, मधेच लंगडणारा, एक पाय खड्ड्यात गेल्यासारखा. माझा लांबलचक सूर त्यात बसेना. मग तो तोडला. अर्ध्यावरून घसरत यायचं आणि चाचांच्या काडीच्या किंचित मागून आदळायचं. दहा वेळा चुकलं. अकराव्यांदा बसलं आणि पाठीतून मुंग्या गेल्या.
ओट्यावर भांडी घासत असलेली बायको कमरेतून हलत होती. विचारलं तर म्हणे, "घंगाळ जड हाय."

२३ एप्रिल
भानुदास येऊन ऐकून गेला. म्हणे, "लोकांला नेहमीची गाणी पायजेत." चाचा म्हणाले, "उसकी वायर निकाली, तो मेरा ताशा भी निकाल." झालं. ताशाविना बँड म्हणजे काय राहतं? २७ला एकच गाणं आमचं. पण लग्न पुढाऱ्याच्या पोराचं. बिघडलं तर भानुदासला या पट्ट्यात कोणी सुपारी देणार नाही. हे त्यानं मला चार वेळा सांगितलं. पाचव्यांदा बायकोला.

२७ एप्रिल
 घडलं तसं ओळीनं लिहितो.
आधी नेहमीची गाणी. मग चाचांनी मान हलवली. सुरुवातीला लोक नुसते बघत राहिले. आता वायर जाणार, म्हणून मी पाय तिच्यावर ठेवला. तेवढ्यात एक जाडजूड मामा खांदा उडवत पुढं आला. मग सगळी आळी. रडतंय का हसतंय कळेना असं गाणं, आणि पाय थांबेनात कुणाचे. पुढारी कायम हात जोडलेला माणूस, त्याचे जोडलेले हातच ताशाच्या ठेक्यावर हलायला लागले. भानुदासनं ट्रंपेट ओठाला लावला आणि माझ्या सुराला जबाब दिला. न सांगता! लहानपणानंतर पहिल्यांदा आम्ही काहीतरी बरोबर केलं.

एकच गाणं. पाऊण तास. देवळापाशी पोचेस्तोवर मुहूर्त गेला. गुरुजी लाल. मुलीकडचे लाल. पुढारी घाम पुसत म्हणाला, "दुसरा मुहूर्त काढा. अन् तोवर हेच वाजू द्या."

२९ एप्रिल
गॅरेजवर ठकूबाई आली. माळावरच्या वस्तीवरची, मेंढरंवाली. वय ऐंशीपुढं. पुढाऱ्याच्या पोराच्या लग्नात जेवायला आलेली. म्हणे, "तेच गाणं पायजे. माझ्या शेवटच्या वाटंला."
भानुदास वही काढून, पेन उघडून: "तारीख?"
"मला काय ठावं?"
त्यानं पेन बंद केला.
मी विचारलं, काहून असलं बोलायलाव, मावशी? ती खाली बसली. "आमचं म्हातारं गेलं तवा मुक्यानं नेलं. डफडं बी न्हाई. लई गाण्याचं हौशी माणूस. मला तसं जायचं न्हाई." मग उठताना: "पर आदी एकदा वस्तीवर येऊन ऐकवा. नंतर मला काय ऐकू येणार?"

२ मे
तिच्या थोरल्या पोराचा फोन. "आमची म्हातारी ठणठणीत हाय. तुमी बँड घिऊन आलाव तर कुत्री सोडीन, सांगून ठिवतो."
चाचा म्हणतात जायचंच. भानुदास म्हणतो कुत्री किती ते आधी विचार.

४ मे
दुधवाल्याकडून ठकूबाईचा निरोप. परवा पोरं मेंढरं घेऊन बीडच्या बाजारला जाणार. कुत्री तिच्या हातची, भुंकणार नाहीत. या.
ढोलवाला तयार. बायको म्हणते मीपण येणार.
अडलंय एवढंच: लाल झालरीचे कोट घालायचे का साधे पांढरे सदरे? ऐकवणं म्हणजे लग्न का मयत? भानुदास म्हणाला तिलाच विचारू. दुधवाल्यानं दिलेल्या तिच्या नंबरावर सकाळपासून तीनदा फोन लावला. वाजतो नुसता. मेंढरांमागं गेली असेल.