बारा ते दीडचा बर्फ

हिंटरमोस, ११ जानेवारी १९९०

ती. रोझीताईस, सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रात एकच प्रश्न तीनदा आहे, इन्सब्रुकचं कॉलेज मधेच का सोडलं. बाबांना सांगितलं की मला स्की-शिक्षकाची परीक्षा द्यायची आहे. तुला खरं सांगतो, कारण तू ते घरात फोडणार नाहीस. इथल्या शाळेवर वेरेना नावाची बदली शिक्षिका आली आहे. सप्टेंबरात आलोइसकाकांकडे गवत कापायला आलो होतो, तेव्हा ओळख झाली. ती पूर्वेच्या सपाट मुलखातली, तळ्याकाठी वाढलेली. बर्फ पडला की तुला स्की शिकवीन, असं मी तिला कबूल करून बसलोय.

आणि बर्फच नाही! स्कीवाल्यांना डोंगरावर ओढून नेणाऱ्या काकांच्या लिफ्टखाली सगळं तपकिरी गवत आणि मधोमध तीन मीटर रुंदीचा पांढरा पट्टा, कुणी टॉवेल वाळत घातल्यासारखा. सकाळी त्याची काच होते, दुपारी लापशी. वेरेना दर रविवारी म्हणते, चल, आहे त्यावरच जाऊ. मी म्हणतो, थांब, खरा बर्फ येऊ दे. ज्याने जिल्ह्याच्या शर्यती जिंकल्या, त्याने पहिल्याच दिवशी तिच्यासमोर चिखलात घसरायचं का?

तिची नेमणूक दोन फेब्रुवारीला संपते. मुख्याध्यापक तिला जुलैपर्यंत राहा म्हणतायत. त्या शुक्रवारी ती हो की नाही ते सांगणार. ती गेली तर मी इथे कशासाठी बसलोय, तूच सांग.

तुझी माया आहे तशी राहू दे. सध्या इथे न वितळलेलं काहीच उरलेलं नाही.

तुझा,
यॉर्ग


इन्सब्रुक, १५ जानेवारी

चि. यॉर्गला अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून आधी हसले, मग चिडले. बाबा तुझं नाव काढत नाहीत, पण रेडिओवर हवामान लागलं की आवाज वाढवतात. आई विचारते, काका तिन्ही त्रिकाळ डम्पलिंगच खायला घालतो का.

आता ऐक. तू आणि मी स्की कशावर शिकलो? गाईच्या कुरणावर, बोटभर बर्फात. प्रत्येक घराच्या पडवीत दगडगोट्यांवर घासली तरी चालेल अशी स्कीची एक जुनी जोडी टांगलेली असते, ती शोभेसाठी नसते. काकांकडची काढ, धूळ झटक आणि त्या मुलीला घेऊन जा. ती स्वतःहून चल म्हणतेय आणि तू आभाळाची वाट बघतोयस. अशाने तू शर्यतीच जिंकशील, बाकी काही नाही.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगते. तिच्यासाठी कॉलेज सोडलंस, हे तिला सांगू नकोस. तिने मागितलं नव्हतं ते.

जपून राहा, आणि रागाच्या भरात पत्र टाकत जाऊ नकोस, एक रात्र थांबत जा.

तुझी ताई,
रोझीना


हिंटरमोस, २१ जानेवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

एक रात्र थांबलेलो नाही. आत्ताच लिहितोय.

आज गेलो. जुनी जोडी काढली नाही, नवीनच घातली. तिने बघावी म्हणून, दुसरं काय. तिसऱ्याच वळणावर दगड लागला आणि स्कीची कड टोकापासून टाचेपर्यंत उखडली. तो आवाज अजून दातांत आहे.

पण खरी आग पुढेच आहे. वेरेना स्की घेऊन आलीच नाही, तिच्या भावाचा स्नोबोर्ड घेऊन आली. तळ्यावर शिडाच्या फळीवर उभी राहायची, म्हणून हेच सोपं वाटतं म्हणे. काकांनी लिफ्टपाशी स्नोबोर्डवाल्यांना मनाईची पाटी लावली आहे, दोन वर्षं एकालाही वर सोडलेलं नाही. मी वाटच बघत होतो की आता काका ओरडणार. काकांनी रिकाम्या रांगेकडे बघितलं, पाटीला आपली टोपी अडकवली आणि तिला म्हणाले, जा पोरी, बारा ते दीड बर्फ ऐकतो, त्याआधी नाही, त्यानंतर नाही.

आणि बर्फाने खरंच ऐकलं. त्या लापशीत माझी उरलेली स्की रुतत होती, ती मात्र फळीवर पसरट, आरामात. गवतात पडली, चिखलाने माखली, वर हसली. मी कडेला उभा. म्हणालो, याला काही खरं स्कीइंग म्हणत नाहीत. ती म्हणाली, मग ज्याला म्हणतात ते येईपर्यंत मी हे करते. माझं डोकं फिरलं, आणि ताई, तू नको म्हणालीस तेच तोंडातून गेलं. तुझ्यासाठी कॉलेज सोडून बसलोय आणि तू इथे चिखलात खेळतेयस.

ती खाली वाकली. बुटांचे पट्टे सोडले. मग शांतपणे म्हणाली,

"मी सांगितलं होतं?"

आणि फळी काखेत मारून पायी खाली गेली.

शिव्या घाल, पण पत्र पाठव.

यॉर्ग


हिंटरमोस, ३१ जानेवारी

चि. रोझीनास आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही. तुझ्या भावाचं कळवतो, कारण तो कळवणार नाही.

बाई रोज शाळा सुटली की बाराला येतात. आता मागे शाळेतली सात-आठ पोरंही येतात, कुणी स्कीवर, कुणी शेणाच्या घमेल्यात बसून. माझ्या डोंगरावर इतका दंगा चांगल्या बर्फातही नव्हता. यॉर्ग इंजिनाच्या खोलीत बसून लिफ्ट चालवतो. चेहरा असा, की इंधन टाकायला जायची मलाच भीती वाटते.

पण पहाटे सहाला उठून हा एकटा उत्तरेच्या घळीत जातो, गवताच्या गाडीत बर्फ भरतो आणि पट्ट्यावरच्या उघड्या दगडांवर थापतो. कुणाला ठाऊक नाही असं त्याला वाटतं. बाईंनी मला विचारलं, रात्रीतून दगड कोण झाकतं. मी म्हटलं, डोंगरातल्या बिळांतले मार्मोट. त्या म्हणाल्या, मार्मोट थंडीभर झोपलेले असतात, मी हे चौथीला शिकवते.

परवा शुक्रवार आहे. लक्ष असू दे.

आलोइसकाका


हिंटरमोस, ४ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

वेरेना राहतेय. जुलैपर्यंत. मुख्याध्यापकांना तिने शुक्रवारी सकाळी सांगितलं.

नाचू नकोस. दुपारी ती इंजिनाच्या खोलीत आली आणि मला म्हणाली, मुलांसाठी राहतेय, माझ्यासाठी नाही. आणि मी तिच्यासाठी इथे बसून राहिलो, तर माझं कॉलेज बुडाल्याचं ओझं तिला रोज डोंगरावर वाहावं लागेल. ते तिला नको आहे. मी परत जावं. मी भांडलो. म्हटलं, म्हणजे तू राहणार म्हणून मी जायचं? ती म्हणाली, हो, अगदी तेच. यात काही न्याय आहे का, ताई?

मग तिने लिफ्ट काकांकडे सोपवायला लावली आणि आपली फळी माझ्या हातात दिली. वर गेलो. पट्टा आता दोनच मीटर उरलाय, मधे एक ओढा फुटलाय. मी चार वेळा आपटलो, एकदा तर शाळेतल्या पोरांसमोर. एका पोराने मला वळायचं कसं ते समजावून सांगितलं! संतापाने धुमसत होतो, आणि तरीही दीड वाजेपर्यंत मी एकदाही थांबलो नाही.

उद्याच्या गाडीने येतोय. बाबांना तू आधी सांगून ठेव, मला तोंड दाखवायचा धीर नाही. कॉलेजात परत घेतात का ते मंगळवारी बघतो.

निघताना मी तिला विचारलं, शनिवारी आलो तर चालेल का. हो म्हणेल की नाही, काही अंदाज येत नव्हता, म्हणून घाईघाईने पुढचंही विचारलं, की बर्फ असाच वाईट असला तर? ती फळीचा चिखल पुसत होती. वर न बघताच म्हणाली,

"वाईटच असणार. तू बाराला ये."

स्टेशनवर आलीस तर बरं. रागाने बोललेलं मनावर घेऊ नकोस, तो राग अजून संपलेला नाही.

तुझा,
यॉर्ग