चौदानंतर सोळा

३ मार्च
चौदानंतर थेट सोळा! बेकरीवाल्या नुन्झिओच्या खटल्यात दाखल कागदांच्या क्रमवार नोंदींत पंधरावी नाहीच. म्हणजे सीलबंद. ब्रुकलिनच्या या कोर्टाच्या बातम्या देता देता माझे केस पिकले — गाळलेला आकडा म्हणजे आरोपी सरकारला फितूर, असंच इथे समजतात. तुरुंगातले कैदी तर सगळ्यांत आधी. संस्कृतच्या वर्गात लोप शिकलो होतो — अक्षर दिसत नाही, पण त्याची जागा बोलते. तो असा कामी येईल असं शास्त्रीबुवांना वाटलं नसेल.

५ मार्च
नुन्झिओची बेकरी कोर्टासमोरच. त्याची बडीशेपेची बिस्किटं खाऊन मी कोर्टात वर नोंदी पाहायला जायचो — तेव्हा त्या कागदावर असत. कारकून डोलोरेस करवादायची, "पुन्हा साखरेची बोटं!" मी संस्कृतवाला म्हणून नुन्झिओ मला प्रोफेसर म्हणे. "मेलेली भाषा? वा! माझ्या सासूशी बोला." अशा माणसाने बंदरातून चोरलेलं चीज विकावं आणि तुरुंगात बसावं! आता नोंदी संगणकावर. घरबसल्या कोणीही पाहावं, तुरुंगात कळवावं.

९ मार्च
बेकरीत त्याची बायको फिलोमेना एकटीच.
"आत त्याला धमकावताहेत, प्रोफेसर. पंधरावा कागद दाखव म्हणतात. अहो, तो त्याच्या हृदयाचा रिपोर्ट आहे! वकिलाने खासगी म्हणून बंद करवला."
"मग उघडा म्हणावं."
"आम्ही म्हटलं तर नाटक वाटेल. तुमच्या पेपरने न्यायाधीशांकडे मागायला हवा. इतकी वर्षं बिस्किटं फुकट खाल्लीत ना?"

१० मार्च
संपादक मॉरीन म्हणाली, "एका बेकरीवाल्याच्या छातीसाठी मी वकील लावू?" पण लावला.

२४ मार्च
न्यायाधीशांनी कागद उघडला. खरंच हृदय! एक झडप नीट मिटत नाही. बातमी माझ्या नावाने पहिल्या पानावर.

२९ मार्च
फिलोमेनाने डबाभर बिस्किटं दिली. "आता आत त्याला पत्ते खेळायला बोलावतात!" चव जुनीच. डोलोरेस हवी होती ओरडायला.

७ एप्रिल
सवयीने नुन्झिओच्या नोंदी पाहिल्या. एकोणीसनंतर एकवीस. हृदय तर आता उघडं झालंय, मग विसावा कागद बंद कशाला?
आता त्याला कोणी काही विचारणार नाही. हृदयाचाच असेल म्हणतील — मीच छापलंय ना!
मॉरीनने विचारलं, "तुझ्या बेकरीवाल्याचं काही नवीन?"
"काही नाही."